लॉरेन्सची शेवटची राइड

जुनी जावा, येझदी किंवा आरएक्स हंड्रेड शोधताय? मग तुमची चेकलिस्ट आम्हाला पाठ आहे. आरसी बुक आणि चेसिस नंबर जुळतो का, इंजिनचं काम झालंय का, टाकी आतून गंजलीय का... सगळं बघून भाव पाडायचा आणि वाचलेल्या पैशांत नवं सीट, नवं क्रोम. आणि हेल्मेट? ते नंतर बघू!

जरा थांबा. तुमच्यासारख्याच एका बाइकवेड्याची गोष्ट ऐका.

टी. ई. लॉरेन्स. १९६२ चा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ ज्याच्यावर आहे, तोच हा. पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध उठलेल्या अरबांबरोबर हा ब्रिटिश अधिकारी वाळवंटात लढला आणि जगभर गाजला. पण त्याला ती प्रसिद्धी सोसवेना. १९२२ मध्ये हा कर्नल चक्क नाव बदलून हवाई दलात साधा शिपाई म्हणून भरती झाला! पुढे नोकरीने त्याला कराचीला आणलं. कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यातच होती, बरं का. १९२९ च्या जानेवारीत तो मायदेशी परतला तोही मुंबई बंदरातूनच.

या माणसाला चैन एकच, ब्रफ सुपीरियर. नॉटिंगहॅमचे जॉर्ज ब्रफ या बाइक बनवायचे. मोटरसायकलींमधली रोल्स-रॉइस अशीच तिची ओळख. तिचं एसएस १०० हे मॉडेल तर ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर धावेल अशी कंपनीची हमी. तीही शंभर वर्षांपूर्वी! लॉरेन्सकडे एकामागून एक अशा सात ब्रफ झाल्या. त्यांना लाडाची नावंही होती. आठवीची ऑर्डरही देऊन झाली होती.

१९३५ च्या फेब्रुवारीअखेर तो नोकरीतून मोकळा झाला. डॉर्सेट परगण्यातल्या आपल्या छोट्याशा घरात निवांत राहायचं, एवढाच बेत. १३ मे रोजी तो जवळच्या लष्करी छावणीत तार करायला गेला. परतताना रस्त्याच्या उतारापलीकडे सायकलवरची दोन मुलं त्याला उशिरा दिसली. त्यांना वाचवायला त्याने बाइक वळवली आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. शर्यतीत हेल्मेट असायचं, पण साध्या रस्त्यावर तेव्हा ते घालतंय कोण? सहा दिवस तो बेशुद्ध होता. १९ मे रोजी गेला. वय अवघं ४६.

गोष्ट इथे संपत नाही. त्याच्यासाठी बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूचे सर्जन होते. त्यांना त्याला वाचवता आलं नाही. मग दुसरं महायुद्ध आलं. बाइकवरून निरोप नेणारे तरुण सैनिक डोक्याला मार लागून मरू लागले. केर्न्स यांनी या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये निबंध छापून दाखवून दिलं, की हेल्मेट असलेल्यांच्या डोक्याला होणारी इजा बरीच कमी असते. ब्रिटिश लष्कराने त्याच वर्षी आपल्या बाइकस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्यांसाठीचा कायदा मात्र ब्रिटनमध्ये १९७३ मध्ये आला. तो बघायला केर्न्स नव्हते, ते १९५२ मध्येच वारले होते.

आज जुन्या ब्रँडना पुन्हा सुगीचे दिवस आलेत. जावा २०१८ मध्ये परतली, येझदी २०२२ मध्ये. नॉर्टन तर २०२० मध्ये आपल्या टीव्हीएसने विकत घेतली. ब्रफ सुपीरियरही आता फ्रान्समध्ये बनते. या बातम्या आपण चवीने वाचतो, जुन्या बाइकवर जीव टाकतो. टाकायलाच हवा! पण एक लक्षात घ्या. बाइक कितीही जुनी असली तरी तिचे पार्ट मिळतात. कुठल्या ना कुठल्या जुन्या बाजारात, कुठल्या तरी मेकॅनिककडे सापडतातच. डोक्याचा पार्ट कुठेच मिळत नाही.

तेव्हा सौदा ठरवताना आयएसआय मार्कच्या हेल्मेटचे पैसे आधी बाजूला काढा. आणि हो, मागे बसणाऱ्या मित्राच्या हेल्मेटचेही. क्रोमचं काय, ते खरंच नंतर बघू!