बैलांची चित्रे काढणारी रोझा

भगिनींनो, मालेगावच्या यात्रेत आपण खंडोबाचे दर्शन घेतो, बांगड्या भरतो. पण जनावरांच्या बाजारात आपल्यापैकी किती जणी जातात? तो बाजार पुरुषांचा. अशाच एका बाजारात पुरुषी वेष करून जाणाऱ्या थोर चित्रकर्तीची ही हकीकत आहे.

रोझा बोनर हिचा जन्म १६ मार्च १८२२ रोजी फ्रान्समधील बोर्दो येथे झाला. वडील चित्रकला शिकवीत. लहानग्या रोझाला अक्षरांचा भारी कंटाळा. मग आईने युक्ती काढली. प्रत्येक अक्षरासाठी एकेका प्राण्याचे चित्र काढायला लावले. पोर वाचायला शिकली आणि चित्रातही रमली. पुढे बिऱ्हाड पॅरिसला आले. घरची ओढगस्त होती. आई शिकवण्या व शिवणकाम करून संसार ओढी. १८३३ साली ती वारली. रोझा तेव्हा ११ वर्षांची होती.

वडिलांनी रोझाला शिवणकाम शिकायला घातले, पण तिचे मन रमेना. अखेर त्यांनीच तिला चित्रकला शिकवली. जनावराचे हाड कुठे, स्नायू कुठे, हे कळावे म्हणून ती कत्तलखान्यातही जाई.

१८४९ साली तिचे नांगरटीचे मोठे तैलचित्र लोकांपुढे आले. ते सरकारने तिच्याकडून ३००० फ्रँक देऊन करवून घेतले होते. दोन नांगर, प्रत्येकाला सहा सहा बैल. आपल्या काळ्या रानातल्या जुन्या सहा बैली नांगराची आठवण व्हावी! ताणलेल्या माना, उलटलेली ढेकळे, वर स्वच्छ आभाळ. माणसे आहेत, पण चित्रात मान बैलांचाच. एक बैल तर आपल्याकडेच पाहतो आहे. हे चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

पुढे घोड्यांच्या बाजाराचे चित्र काढायचे ठरले. लुगड्यासारखाच तिकडचा पायघोळ झगा त्या गर्दीत अडचणीचा, आणि लोकांच्या नजरा वेगळ्याच. म्हणून ती पुरुषी पोशाखात जाई. बाईने विजार घालायची तर तेथे पोलिसांचा परवाना लागे, आणि तो सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावा लागे. तिने तोही काढला. १८५३ साली ते चित्र गाजले. १८६५ साली राणी युजेनीने स्वतः तिच्या घरी येऊन तिला फ्रान्सचा मोठा सन्मान दिला. चित्रकार स्त्रीला तो प्रथमच मिळाला. २५ मे १८९९ रोजी रोझा निवर्तली.

एवढे वैभव पाहायला आई मात्र नव्हती. पण त्याची सुरुवात तिच्याच युक्तीने झाली होती.

आपल्याकडेही देवणी आणि लाल कंधारीसारखी देखणी जनावरे आहेत. ट्रॅक्टर आले, गोठे रिकामे होत चालले. येत्या पोळ्याला बैल ओवाळून झाले, की आपल्या मुलींच्या हाती कागद-पेन्सिल द्या आणि त्यांना बैलापुढे घटकाभर बसू द्या. कामाला हाक मारू नका.