गंडीपेटचे पाणी आणि विश्वेश्वरय्या

हैदराबादेतील आपल्या मराठी घरांत गंडीपेटची सहल झाली नाही असे घर विरळाच. डबे घेऊन आम्हीही कितीदा गेलो, पण हा तलाव कोणामुळे झाला, याचा विचार निवृत्तीनंतर सवड मिळाल्यावरच केला. १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, ज्यांची जयंती असते त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची ही थोडक्यात ओळख.

त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. शिकवण्या करून बंगळुरूला बी. ए. केले आणि मग पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये अभियांत्रिकी शिकले. १८८३ मध्ये परीक्षेत पहिले आले. प्राध्यापकी न करता १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, धुळे हा त्यांचा पहिला मुलूख. नदी कशी वागते हे ते पांझरेच्या पुरात काम करताना शिकले.

पुढे सक्करला पाणीपुरवठा, नीरा कालव्यावर पाणी आळीपाळीने देण्याची ब्लॉक पद्धत, आणि १९०३ च्या सुमारास खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे. धरण न वाढवता त्यांनी जलसाठ्याची पातळी सुमारे ८ फूट उंचावली. पाणी ठरावीक पातळीवर आले की दरवाजे आपोआप उघडत आणि ओसरले की मिटत.

इतके करूनही मुख्य अभियंत्याची खुर्ची इंग्रजांसाठीच राखीव. १९०८ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी नोकरी सोडण्याचा निर्णय घेतला. आम्हा बँकवाल्यांना बढती हुकल्याचे दुःख ठाऊक आहे, पण असे धाडस आमच्यापैकी कितींना जमले असते?

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला मुसी कोपली. हजारो माणसे वाहून गेली. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेवर चढून सुमारे १५० जण वाचले. ते झाड आजही उभे आहे. निजाम सरकारचे बोलावणे त्यांना परदेश दौऱ्यात मिळाले. १९०९ मध्ये येऊन त्यांनी पाऊस, नाले, फुटलेले तलाव यांचा हिशेब मांडला. नुसत्या भिंती बांधून भागणार नाही, पूर शहराच्या वरच्या अंगालाच अडवला पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष. त्यातून मुसीवर उस्मानसागर (१९२०), म्हणजेच आपले गंडीपेट, आणि ईसीवर हिमायतसागर (१९२७) उभे राहिले. शहराच्या भूमिगत गटारांची योजनाही त्यांनीच आखली.

नंतर म्हैसूरची दिवाणगिरी, कृष्णराजसागर, १९५५ मध्ये भारतरत्न. १९६२ मध्ये, शंभरी गाठून, ते गेले.

पुरासाठी तलावात जागा मोकळी ठेवायची, ही त्यांची शिस्त. बँकेत राखीव निधी ठेवतात तसेच हे. आज नदीच्या पात्रालगत घरे वाढताना पाहिली की वाटते, हा निधी आपण मोडून खात आहोत. पुढच्या सहलीला नातवंडांना घेऊन जाऊ, तेव्हा डबा उघडण्याआधी त्यांना एवढे जरूर सांगू या.