सर विठ्ठलदास ठाकरसी : खेड्याची पत ओळखणारे गिरणीमालक

कापूस, कापड आणि देवघेव या तीन व्यवसायांशी ज्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्या संबंध आला, त्याने ज्या थोड्या पुरुषांची चरित्रे मुद्दाम अभ्यासावीत त्यांत सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. ते जैन नव्हते. मुंबईच्या भाटिया समाजातील वैष्णव घराण्यात १८७३ साली त्यांचा जन्म झाला. तथापि द्रव्यार्जन आणि द्रव्यविनियोग यांविषयीची त्यांची दृष्टी अशी होती की, अपरिग्रहाचा संस्कार लाभलेल्या कोणाही श्रावकाला ती आपलीच वाटावी.

आजोबा ठाकरसी मूळजी यांनी मुंबईत कापडगिरणीच्या धंद्याचा पाया घातला व वडील दामोदरदासांनी तो वाढविला. विठ्ठलदासांचे शिक्षण एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले आणि तरुण वयातच त्यांच्यावर गिरण्यांचा भार आला. गिरणीमालक संघाचे अध्यक्षपद, १९०६ साली कलकत्ता येथे भरलेल्या औद्योगिक परिषदेचे अध्यक्षपद, मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्षपद, विधिमंडळाचे सभासदत्व, १९०८ साली ‘सर’ हा किताब, असे सन्मान त्यांना एकामागून एक मिळत गेले. परंतु असे सन्मान त्या काळी मुंबईच्या अनेक धनिकांना मिळाले. त्यांतील बहुतेकांची नावे आज रस्त्यांच्या पाट्यांवर उरली आहेत. विठ्ठलदासांचे नाव उरले ते वेगळ्या कारणाने.

ते कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांचा उद्रेक झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने मारवाडी व गुजराती सावकारांवर होता. आणि त्यांत आपल्या समाजातील घराणीही होती, हे लपविण्याचे कारण नाही. प्राणहानी फारशी झाली नाही. शेतकऱ्यांना हवे होते ते कर्जरोखे; ते हाती लागताच जाळण्यात आले. त्यानंतर १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याने न्यायालयात कुणब्याची बाजू सावरली खरी, परंतु पेरणीच्या तोंडावर त्याला पैसा कोण देणार, हा प्रश्न तसाच राहिला. सावकार हात आखडून वागू लागला आणि दुसरा दाता गावात नव्हता.

रुपयाला महिना एक पैसा हे व्याज ऐकावयास किरकोळ वाटते. त्या वेळच्या ६४ पैशांच्या रुपयाच्या हिशेबाने ते वर्षाला शेकडा पावणेएकोणीस पडते. दोन पैसे असेल तर साडेसदतीस. जिरायत जमिनीवर एवढे उत्पन्न कोणत्या पिकाचे येते? सावकारालाही बुडीत कर्जाची भीती होती, त्याचेही पैसे दुसऱ्याकडून आणलेले असत, हे मान्य करूनही हा हिशेब जुळत नाही. विठ्ठलदासांनी या प्रश्नाकडे दयाबुद्धीने न पाहता व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले, हा त्यांचा विशेष. मुंबईत पैसा स्वस्त आहे आणि खेड्यात महाग आहे. मधला रस्ताच नाही. तो रस्ता बांधावयाचा, एवढेच त्यांनी ठरविले.

१९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. गावातील किमान दहा माणसांनी एकत्र येऊन पेढी काढावी आणि ग्रामीण पेढीच्या देण्याची जबाबदारी सर्व सभासदांनी अमर्याद स्वरूपात उचलावी, अशी त्याची रचना होती. एकट्या कुणब्याला पत नव्हती. शेजाऱ्यांनी एकमेकांची हमी घेतली की ती निर्माण होत असे. परंतु गरिबांनी एकत्र येऊन भांडवल कोठून आणावे? विठ्ठलदासांनी लल्लूभाई सामळदास यांच्या सहकार्याने प्रथम १९०६ साली मुंबईत नागरी पतसंस्था काढून या कार्याचा अनुभव घेतला. पुढे या दोघांनी सबंध मुंबई इलाख्यातील पेढ्यांना कर्जपुरवठा करणाऱ्या मध्यवर्ती बँकेची योजना सरकारपुढे ठेवली. तेव्हाच्या कायद्यात अशा बँकेची स्पष्ट तरतूदही नव्हती. ती १९१२ च्या कायद्याने आली. सरकारशी दीर्घ पत्रव्यवहार झाला आणि ऑक्टोबर १९११ मध्ये बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँकेची नोंदणी झाली.

भागभांडवल ७ लाख रुपयांचे होते. त्याखेरीज कर्जरोखे विकून पैसा उभारावयाचा होता आणि त्यांवरील शेकडा ४ टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती. यातील खुबी व्यापारी वाचकांच्या लगेच ध्यानात येईल. मुंबईतील ठेवीदाराने अनोळखी शेतकऱ्याला चार आणेही दिले नसते. व्याजाची हमी मिळताच तोच ठेवीदार निर्धास्तपणे रोखे घेऊ लागला, आणि तो पैसा बँकेतून गावपेढीकडे व पेढीतून शेतकऱ्याकडे जाऊ लागला. १८७५ साली ज्या मुलखात रोखे जाळले गेले, त्याच मुलखातील शेतकऱ्यासाठी छत्तीस वर्षांनी रोखे विकले गेले. नीरा कालव्यावरील बारामती परिसरात उसासारख्या खर्चाच्या पिकाला या बँकेचा मोठा आधार मिळाला.

बँक स्थापन होऊन दोनच वर्षे होतात न होतात तोच १९१३ साली हिंदी बँकांवर अरिष्ट कोसळले. मुंबईची इंडियन स्पीशी बँक बुडाली आणि अनेक कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी गेली. त्या वादळात ही लहान सहकारी बँक तरली. लल्लूभाईंचे सुपुत्र वैकुंठभाई मेहता ऐन तरुणपणी बँकेच्या सेवेत आले आणि तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी तिचा कारभार सांभाळला. अशी माणसे लाभली, हेही विठ्ठलदासांच्या संस्थेचे भाग्यच.

जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. रेल्वेमुळे येथील कापसाची बाजारपेठ वाढत होती, परंतु मुंबईच्या बँकेचे कार्यक्षेत्र मुंबई इलाख्यापुरतेच असल्याने तिचा लाभ येथील शेतकऱ्यांना मिळाला नाही. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा हा परिसरही त्या साखळीत जोडला गेला. जालन्याच्या शेतकऱ्याला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेमार्फत पीककर्ज मिळते, त्या व्यवस्थेचे मूळ या १९११ च्या योजनेत आहे. राज्य बँकेवर २०११ साली प्रशासक नेमण्याची वेळ आली, ही खेदाची गोष्ट. पण तो दोष योजनेचा नव्हता, कारभाराचा होता.

आता त्यांच्या दानाविषयी. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केले. जपानमधील महिला विद्यापीठाच्या माहितीवरून त्यांना ही कल्पना स्फुरली होती. मातृभाषेतून शिक्षण देणाऱ्या या विद्यापीठाला ना सरकारी मान्यता होती, ना भरीव निधी. पुढे विठ्ठलदास सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्यासमवेत परदेशप्रवासास गेले असता त्यांनी जपानमधील ते विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले. परतल्यावर १९२० साली त्यांनी कर्व्यांच्या विद्यापीठासाठी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि मातोश्री नाथीबाईंचे नाव विद्यापीठास देण्यात आले. एस.एन.डी.टी. ही अक्षरे आपल्याकडील पुष्कळ मुलींच्या परिचयाची आहेत. नाथीबाई कोण, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

बँकेच्या संपूर्ण भागभांडवलाच्या दुपटीहून अधिक अशी ही रक्कम. तीही एकदम उधळून टाकण्यासाठी नव्हे. शेकडा साडेतीन टक्के व्याजाने वर्षाला ५२,५०० रुपये विद्यापीठास मिळत राहावेत, अशी योजना होती. आपल्याकडे शास्त्रदानाला मोठे पुण्य मानले आहे. पण दानाचे मुद्दल शाबूत ठेवून पिढ्यांची सोय लावणारे दाते विरळाच.

१९२२ साली, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, सर विठ्ठलदासांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात देणगीच्या अटींवरून विश्वस्त व विद्यापीठ यांच्यात वाद झाला, काही काळ वार्षिक रक्कमही थांबली आणि अखेर समेट घडून आला. दान करणाऱ्याने अटी किती स्पष्ट लिहाव्यात, हे प्रत्येक विश्वस्त मंडळाने यावरून ध्यानात घ्यावे. १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठिकाण मुंबईत आले.

विठ्ठलदासांच्या पत्नी प्रेमलीलाबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे घराच्या कोपऱ्यात न बसता त्यांनी स्त्रीशिक्षणाचे कार्य हाती घेतले. त्यांच्या यरवड्याच्या ‘पर्णकुटी’त १९३३ साली महात्मा गांधींचा एकवीस दिवसांचा उपवास पार पडला. १९५१ साली विद्यापीठाला कायदेशीर मान्यता मिळाली, तेव्हा पहिल्या कुलगुरू म्हणून प्रेमलीलाबाईंचीच नियुक्ती झाली. १९७७ साली त्यांचे देहावसान झाले. फोर्टमधील राज्य सहकारी बँकेच्या मुख्य इमारतीला सर विठ्ठलदासांचे नाव आहे.