चार कलमांवर थांबलेले विधेयक

१ सप्टेंबर १९५१ रोजी आमच्या शहरात राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते एका महाविद्यालयाची कोनशिला बसविण्यात आली. पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखली गेलेली ही संस्था डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे सुरू केली होती. त्याच सप्टेंबरात दिल्लीत एका विधेयकावरून या राष्ट्रपतींची आणि या कायदेमंत्र्यांची तोंडे दोन दिशांना होती, याची आठवण आमच्या शहरास क्वचितच असते.

घटनाकार म्हणून बाबासाहेबांचे स्मरण करता करता सभागृहातील सभासद आंबेडकर आपल्या दृष्टीआड झाले आहेत. १९२७ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध त्यांनी १९२८ साली विधेयक मांडले, ते तडीस गेले नाही. १९३७ साली खोती नष्ट करण्याचे मांडले, तेही नाही. १९४६ साली घटना समितीवर ते निवडून आले ते बंगालमधून. फाळणीमुळे ती जागा गेली, तेव्हा मुंबई प्रांताने त्यांस पुन्हा पाठविले. अपयशाने सभागृहाकडे पाठ फिरविणारा हा पुरुष नव्हता.

कायदेमंत्री झाल्यावर त्यांच्या हाती हिंदू कोड बिल आले. स्त्रीस मालमत्तेवर पूर्ण स्वामित्व, एकपत्नीत्वाचे बंधन आणि घटस्फोटाची सोय ही त्याची मुख्य अंगे. विधेयक मांडले जाते, सभासदांच्या सिलेक्ट कमिटीकडे छाननीस जाते, मग त्यावर सर्वसाधारण विचार, मग एकेका कलमावर मत, अखेर मंजुरी आणि राष्ट्रपतींची संमती, असा हा मार्ग. एप्रिल १९४८ मध्ये ते कमिटीकडे गेले. विचारार्थ घेण्याचा ठराव संमत होण्यास डिसेंबर १९४९ उजाडला. कलमवार चर्चेस फेब्रुवारी १९५१. हंगामी संसदेस तेव्हा दुसरे सभागृहच नव्हते, म्हणजे अडथळा तेथून येण्याचा प्रश्न नव्हता. तो आला सत्ताधारी पक्षाच्याच बाकांवरून. विधेयक पाडण्यास बहुमत लागते. रखडविण्यास लांबलचक भाषणे पुरतात.

राजेंद्रबाबूंनी सप्टेंबरात पंतप्रधान नेहरूंस कळविले की, विधेयक आपल्यापुढे आल्यास त्याचा निर्णय आपण स्वतःच्या बुद्धीने करू इच्छितो. प्रत्यक्ष जनतेने न निवडलेल्या संसदेने एवढा मोठा बदल करू नये, हा त्यांचा आक्षेप आम्हांस अगदीच निराधार वाटत नाही. परंतु मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींस बंधनकारक आहे, असा अभिप्राय महान्यायवादी सेटलवाड यांनी दिला, आणि घटनेच्या दृष्टीने तोच योग्य होता. प्रत्यक्षात संमतीची वेळच आली नाही. विवाह व घटस्फोट एवढाच भाग तरी पार पाडावा असे ठरले होते. चार कलमे संमत झाली आणि सरकारने तोही सोडून दिला.

२७ सप्टेंबर रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. कारणे अन्यही होती, तरी हा घाव सर्वांत खोल होता असे आमचे मत आहे. पायउतार होणाऱ्या मंत्र्याने सभागृहात निवेदन करण्याचा प्रघात आहे. १० ऑक्टोबरला ते निवेदनास गेले असता उपसभापती अनंतशयनम् अय्यंगार यांनी त्याची प्रत आधी मागितली. ही अट त्यांस मानवली नाही. सभागृह सोडून त्यांनी निवेदन वृत्तपत्रांच्या हाती दिले. ज्या संसदेचे नियम घटनेत गुंफण्यासाठी त्यांनी रात्रीचा दिवस केला, तिच्यात त्यांस आपले म्हणणे मांडता आले नाही.

१९५२ साली लोकसभेच्या निवडणुकीत ते मुंबईत पराभूत झाले व राज्यसभेवर गेले. हिंदू कोड मात्र तुकड्यातुकड्यांनी परत आले. विवाहाचा कायदा १९५५ साली, वारसाचा व पालकत्वाचा १९५६ साली. शेवटचा, दत्तक व पोटगीचा कायदा २१ डिसेंबर १९५६ रोजी झाला. बाबासाहेब ६ डिसेंबरलाच निवर्तले होते. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीस मुलाइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला. संसदेने २००५ साली.