बाबासाहेबांनी तपासलेला तिजोरीचा हिशेब

ज्यांचे शिक्षण पैशाअभावी अडले, त्यांनीच सरकारी पैशाचा अभ्यास केला. बाबासाहेब १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. राजर्षी शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांनीही हात दिला. १९२० मध्ये त्यांनी पुन्हा लंडन गाठले.

१९२१ च्या एम.एस्सी. प्रबंधाचा विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातील साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेचे प्रांतिक विकेंद्रीकरण. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली. साम्राज्याच्या राजधानीत बसून त्यांनी साम्राज्याचाच हिशेब तपासला. पुढे संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद सांभाळताना ही शिदोरी त्यांच्यापाशी होती.

आज आपली मुले परदेशात सार्वजनिक धोरण शिकायला जातात. त्यांना आम्ही एवढेच सांगतो : अर्थसंकल्प वाचायला शिका. आणि समाजाला सांगतो : पैशासाठी त्यांचे शिक्षण अर्धवट राहू देऊ नका. जयभीम!