हरवलेल्या कागदांचा माग काढणारे राजवाडे

पेण म्हटले की लोकांना गणपतीच्या मूर्ती आठवतात. आम्हा गडबच्या माणसांना त्याबरोबर खाडी, खारबंदिस्ती आणि भातशेती आठवते. परंतु याच पेण तालुक्यात वरसई नावाचे एक गाव आहे आणि मराठी इतिहासाचे त्या गावावर मोठे ऋण आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकून पडलेले आणि झाशीचा पाडाव डोळ्यांनी पाहिलेले विष्णुभट गोडसे हे वरसईचे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचा जन्मही १८६३ साली याच वरसईचा. एकाने पाहिलेले लिहून ठेवले. दुसऱ्याने इतरांनी लिहून ठेवलेले नष्ट होण्याआधी गाठले. आज मला बोलायचे आहे ते या दुसऱ्या गृहस्थांविषयी.

राजवाड्यांचे वडील ते अगदी लहान असतानाच वारले. पुढचे शिक्षण पुण्यात झाले. डेक्कन कॉलेजात असताना नेमलेल्या पुस्तकांपेक्षा न नेमलेली पुस्तकेच त्यांनी अधिक वाचली आणि पदवी सावकाश मिळवली. १८९४ साली त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले. जगातले उत्तम ग्रंथ मराठीत यावेत हा त्यामागचा हेतू. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे भाषांतर त्यांनी स्वतः केले. ऐन तारुण्यात पत्नी गेली, त्यानंतर त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. इंग्रजी उत्तम येत असूनही लिहायचे ते मराठीतच, हा त्यांचा कायमचा बाणा. त्यामुळे जगाला त्यांचे नाव उशिरा कळले. पण त्याची त्यांना फिकीर नव्हती.

त्या काळी मराठ्यांचा इतिहास म्हणजे १८२६ साली प्रसिद्ध झालेला ग्रँट डफचा ग्रंथ आणि आपल्या बखरी. बखरी वाचायला गोड, पण पुष्कळशा घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी, ऐकीव गोष्टींवर लिहिलेल्या. मग त्या वेळचे मूळ कागद कुठे गेले? रायगडाचेच पाहा. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी गडावर आग लागली आणि तिथे जे उरलेसुरले होते ते जळाले. पुण्याचे पेशवे दफ्तर मोठे, पण ते सरकारच्या कुलपात होते आणि आपल्या संशोधकांना त्याची दारे कित्येक वर्षे बंद होती. त्यातले निवडक कागद गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली ४५ भागांत बाहेर आले ते १९३० नंतर. तोवर राजवाडे हयात राहिले नव्हते.

सरकारी दार बंद, म्हणून राजवाडे घरांच्या दारांशी गेले. एका पत्राला दोन टोके असतात, ही साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. पुण्याहून पत्र सुटले, तर ते कुणाला तरी पोहोचलेही असणार. आणि ज्याला पोहोचले त्याच्या घरात ते पडून असणार. सरदार, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, सावकार, मठ, देवस्थाने या सगळ्यांकडे फडक्यात बांधलेले रुमालच्या रुमाल होते. घरच्यांना ते वाचता येत नव्हते, कारण मोडीची सवय सुटत चालली होती. कुठे वाळवी लागलेली, कुठे कसर, कुठे माळ्यावरच्या गळतीने गठ्ठ्याची वीट झालेली. वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला गेलेले कागद वेगळेच. आणि जिथे कागद धड होते तिथे मालकाच्या मनात भय: हा माणूस जमिनीचा दावा तर लावणार नाही ना?

राजवाडे पायी हिंडले. स्वतःचे जेवण स्वतः रांधले. ज्या घरी नकार मिळाला तिथे पुन्हा गेले. स्वभाव तापट, त्यामुळे भांडणेही पुष्कळ झाली. वाईत हाती लागलेल्या कागदांवरून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे होती, म्हणजे शेवटी पानिपत. तोवर पानिपत ही बखरकारांनी रंगवलेली एक शोकांतिका होती. या पत्रांत दिसला तो रोजचा व्यवहार: सदाशिवरावभाऊ गोविंदपंत बुंदेल्यांकडे पैशाचा तगादा लावताहेत, यमुना उतरण्यासाठी नावांची जमवाजमव करायला सांगताहेत. पराभव १४ जानेवारी १७६१ या एका दिवसात झाला; पण त्याची तयारी किती महिने चालली होती, हे या साध्या कामकाजी पत्रांनी सांगितले. या मालेचे एकूण २२ खंड झाले.

आता जरा आजच्या काळात येतो. आमच्या गडबला माझ्या चुलतभावाने काही वर्षांपूर्वी एक छान काम केले होते. लग्नात धवले म्हणणारी एक म्हातारी धवलारीण होती. तिच्याकडून त्याने तासन्‌तास गाणी म्हणवून घेऊन संगणकात साठवली होती. जोडीला घरच्या खार जमिनीच्या जुन्या कागदांची छायाचित्रे. धवलारीण पुढे वारली. आणि एके दिवशी संगणकाच्या हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला आणि पडदा काळा झाला. घरात सुतक पडावे तशी शांतता पसरली. हिशेब, फोटो यांचे दुःख नव्हते. ती गाणी दुसऱ्या कुठल्याच गळ्यात तशी उरली नव्हती.

मुंबईच्या एका जाणकार तंत्रज्ञाने फोनवर पहिले वाक्य सांगितले ते असे, की यंत्र ताबडतोब बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका. त्याचे कारण त्याने पुढे समजावून दिले ते मला फार उद्बोधक वाटले. हार्ड डिस्कच्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि त्यांच्यावर वाचणारे टोक केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. ते टोक बिघडून चकतीला घासले, तर प्रत्येक फेऱ्याला लिखाण खरवडून निघते. म्हणून पहिला उपचार म्हणजे हात आवरणे. मग धूळविरहित खोलीत डिस्क उघडायची, टोक बदलायचे आणि जेवढे वाचता येईल तेवढ्याची आधी जशीच्या तशी नक्कल करून घ्यायची. पुढचे सारे शोधकाम त्या नकलेवर. मुळाला पुन्हा हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट त्याहून नवलाची. जुन्या धाटणीच्या डिस्कवर आपण एखादी फाइल पुसतो तेव्हा ती सहसा पुसली जात नाही. पुसला जातो तो तिचा पत्ता. मजकूर जागेवरच असतो, फक्त तो कुठे आहे हे संगणक विसरतो आणि ती जागा रिकामी समजू लागतो. त्या जागेवर नवे काही लिहिले गेले, की मात्र जुने कायमचे जाते. (नव्या, फिरत्या चकत्या नसलेल्या डिस्कमध्ये पुसलेली जागा बहुधा लवकरच खरोखर साफ होते, तिथे ही सवलत नाही.)

हे ऐकताना मला राजवाडे आठवत राहिले. माळ्यावरचा रुमाल म्हणजे दुसरे काय? कागद जागेवर आहे, घर त्याचा पत्ता विसरले आहे, आणि ती जागा रिकामी समजली जाते आहे. उद्या तिथे नवी ट्रंक ठेवायची झाली, की रुमाल बंबात. राजवाड्यांची सारी धावपळ या दोन क्षणांच्या मधली होती: विसरल्यानंतरची आणि जाळण्याआधीची.

आणखी एक साम्य आहे. पत्ता हरवलेल्या डिस्कवर मजकुराचे तुकडे सापडतात. कोणता तुकडा कशानंतर येतो हे तुकड्यांच्या खुणांवरून ठरवावे लागते. मराठी पत्रांचेही तसेच. पुष्कळ पत्रांवर चंद्र आणि महिना असतो, पण वर्ष नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला वर्ष ठाऊकच होते! मग मागे पत्र पोहोचल्याची, म्हणजे पैवस्तगीची नोंद आहे का पाहायचे. पत्रात लग्न, मृत्यू, ग्रहण, लढाई यांचा उल्लेख आहे का पाहायचे. हस्ताक्षर कुणाचे, मायना कसा, हे ताडायचे आणि जंत्रीशी पडताळून वर्ष बसवायचे. एक वर्ष चुकले तर कार्य आधी आणि कारण नंतर असा घोटाळा व्हायचा. राजवाड्यांनी आणि त्यांच्या पिढीने हे काम मेणबत्तीच्या उजेडात केले.

अर्थात राजवाड्यांच्या साऱ्याच गोष्टी डोक्यावर घ्याव्यात असे मी म्हणणार नाही. त्यांच्या प्रस्तावना प्रखर, बुद्धीला झिणझिण्या आणणाऱ्या. पण त्यांतली कित्येक विधाने पुढच्या अभ्यासकांनी खोडून काढली. व्युत्पत्तीच्या नादात ते कधीकधी फार लांब गेले. समाजाविषयीची त्यांची काही मते आज पटणार नाहीत. मात्र ज्यांनी त्यांना खोडले, त्यांनीही पुष्कळदा राजवाड्यांनीच छापून ठेवलेल्या कागदांचा आधार घेतला. निष्कर्ष बदलले, नकला उरल्या. मला वाटते, त्यांच्या आयुष्याचा खरा हिशेब येथे आहे.

ज्ञानेश्वरीचेही उदाहरण घेण्यासारखे आहे. मराठवाड्यात मिळालेल्या एका जुन्या पोथीवरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. ती पोथी किती जुनी यावर विद्वानांनी पुष्कळ वाद घातला; पण छापील प्रत हाती होती म्हणूनच तो वाद घालता आला.

एकट्याने हे काम पुरे होणार नाही हेही त्यांनी ओळखले. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात सरदार मेहेंदळे यांच्यासह त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. गंमत पाहा: वरसईच्या गोडसे भटजींनी १८८३ च्या सुमारास लिहिलेला ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला तो बराच बदलून, इंग्रजी अमलाची धास्ती बाळगून. गोडसे भटजींचा अस्सल मजकूर वाचकांच्या हाती आला तो १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून छापला तेव्हा. मधल्या काळात ते मूळ हस्तलिखित याच मंडळात जपलेले होते. एका वरसईकराने उभारलेल्या घरात दुसऱ्या वरसईकराचे शब्द सुरक्षित राहिले. मूळ टाकून देऊन केवळ छापील पुस्तकावर समाधान मानले असते, तर भटजींचा खरा आवाज आपल्याला कधीच ऐकू आला नसता.

अखेरच्या काळात राजवाडे धुळ्याला होते. शब्दांचे, धातूंचे, नावांचे ढीग त्यांनी जमवले होते आणि बरेचसे अप्रकाशित होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच वारले. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वाचवले, त्याचेच कागद आता उघड्यावर पडायची वेळ होती. तसे झाले नाही याचे श्रेय धुळेकरांचे. १९२७ साली तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले, कागद एकत्र ठेवले गेले आणि त्यांचा धातुकोश, व्युत्पत्तिकोश ही मोठी कामे त्यांच्या मागे प्रसिद्ध झाली.

आमच्या चुलतभावाच्या डिस्कचे सांगायचे राहिले. दीड महिन्यांनी बहुतेक गाणी परत आली. हळदीची दोन गाणी मध्येच तुटतात आणि एकाचा शेवट नाही. परत आलेल्या गाण्यांच्या त्याने लगेच तीन प्रती केल्या; एक घरी, एक दुसऱ्या डिस्कवर, एक पुण्याच्या बहिणीकडे. जाणकारही हाच नियम सांगतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक तरी दुसऱ्या गावी. २२ खंड छापून शेकडो घरांत पोहोचवणाऱ्या राजवाड्यांनी शंभर वर्षांपूर्वी याहून निराळे काय केले होते?

वाचकहो, गणपतीला सारे भाऊबंद गावी जमतात. आरती झाली, मोदक झाले, की एक दुपार काढा. माळ्यावरची ट्रंक खाली घ्या. फडकी हलक्या हाताने सोडा, चिकटलेले कागद ओढून सुटे करू नका, चिकटपट्टी लावू नका, पाणी लागू देऊ नका. छायाचित्रे काढा आणि घरातल्या दोन-तीन जणांकडे ठेवा. मोडी वाचणारी माणसे आजही आहेत, त्यांना दाखवा. आणि घरात सांभाळणे जमत नसेल, तर पुण्याच्या किंवा धुळ्याच्या मंडळांसारख्या जागी नेऊन द्या. आता दारात राजवाडे येणार नाहीत. ते काम घरातल्याच कुणाला तरी करावे लागेल.