कॉ. शामराव परुळेकर : निळ्या आणि लाल झेंड्यामधला दुवा

आंबेडकरी आणि कम्युनिस्ट यांच्यात वाद निघाला की शामराव परुळेकरांचे नाव सहसा कुणी घेत नाही. ते घेतले पाहिजे.

१९३७ साली शामराव बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले. जानेवारी १९३८ मध्ये खोतीविरोधात शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर धडकला, तेव्हा ते बाबासाहेबांसोबत होते. संपाचा हक्क हिरावणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी एकत्र संप केला. आपल्या लोणावळा-वळवणच्या पाण्यावर खोपोलीत तयार होणारी वीज ज्या मुंबईच्या गिरण्यांना जाई, तिथले कामगार त्या दिवशी रस्त्यावर होते.

पुढे शामराव कम्युनिस्ट झाले. महायुद्धाला विरोध केला म्हणून १९४० मध्ये इंग्रज सरकारने त्यांना आणि पत्नी गोदावरीबाईंना तुरुंगात टाकले. सुटल्यानंतर १९४५ पासून दोघांनी ठाणे जिल्ह्यातील वारल्यांची वेठबिगारी मोडून काढणारा लढा उभारला. १९५७ मध्ये शामराव ठाण्याचे खासदार झाले. ३ ऑगस्ट १९६५ रोजी ते वारले, तेव्हाही ते स्थानबद्धच होते. या वेळी सरकार स्वतंत्र भारताचे होते.

बाबासाहेबांचे कम्युनिस्टांशी मतभेद होते. ते लपवायचे कारण नाही. पण जातीविरुद्ध लढणारे आणि मजुरीसाठी लढणारे एकाच मोर्चात चालले होते, हे मावळातल्या कारखान्यांत ठेकेदारीवर राबणाऱ्या आपल्या तरुणांनी विसरू नये.

जय भीम!